हुकमी आठवण

माझी आई माझ्यासाठी घाबरायची बंद झाली आणि त्याला कारण एक कच्चं लायसन. हे सांगितलं की समोरचा माणूस हसतो. सुरुवातीला मीही हसलेच होते.

आधी ती किती घाबरायची ते सांगायला हवं. मी घरातून बाहेर पडले की पायरीवरून आवाज यायचा, "पोचलीस की फोन कर." कॉलेजला जाताना, मैत्रिणीकडे जाताना आणि कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला जातानासुद्धा. आता कोथिंबिरीपाशी काय पोचायचं? पण तिला ते पटायचं नाही. फोन केला नाही तर तिचा यायचा, उचलला नाही तर परत यायचा, मग मैत्रिणीला जायचा, मग मैत्रिणीच्या आईला. एकदा सिनेमाला बसले होते तर थिएटरच्या मॅनेजरने अंधारात टॉर्च मारून विचारलं, "शर्वरी सोनटक्के कोण? घरी फोन करा." सगळं थिएटर माझ्याकडे बघत होतं. त्यानंतर दोन दिवस मी आईशी बोलले नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही, कारण मी समोर दिसत होते.

यामागे एक जुनी गोष्ट होती. मी तीन वर्षांची असताना घरामागच्या कालव्यात पडले होते, एवढंच मला ठाऊक. आई कधी सांगायला बसलीच तर "तू लाल फ्रॉक घातला होतास" इथपर्यंत यायची आणि तिचा आवाज जायचा. मग ओढणी तोंडाला लावून ती आत निघून जायची. त्यामुळे त्या गोष्टीत लाल फ्रॉकच्या पुढे मी कधी गेलेच नाही.

आई फलटणहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. तिच्याकडे सगळ्या वाड्या आणि धनगरवस्त्या. पूर्वी तिला न्यायला जीप यायची. मग बिनड्रायव्हरच्या गाड्या आल्या आणि ड्रायव्हरची पदं गेली. या गाड्या डांबरी रस्त्यावर फार शहाण्या. वस्तीच्या वाटेवर मात्र एखादी शेळी मधे बसली तर ती उठेपर्यंत गाडीही तिथेच बसणार. दोन-तीनदा बाळंतिणीला न्यायला गेलेल्या गाड्या अशा वाटेतच अडकून पडल्या. तेव्हा खात्याने तोडगा काढला: सेविकांना छोट्या गाड्या देऊ, ज्यांच्या त्यांनी चालवाव्यात. दिवाळीपर्यंत लायसन काढा, नाहीतर साताऱ्याला टेलिफोनच्या खोलीत बदली.

"फोनवरून बाळंतपण करू का मी?" आई म्हणाली आणि तिने अर्ज भरला.

कच्च्या लायसनची परीक्षा पूर्वी फार सोपी होती म्हणतात. कॉम्प्युटरवर प्रश्न यायचे, लोक उत्तरं पाठ करून जायचे, झाडून सगळे पास व्हायचे आणि बाहेर येऊन एकमेकांवर गाड्या घालायचे. म्हणून मग नजर-परीक्षा आली. तिच्यात नियमांचे प्रश्न सुरुवातीला नावापुरते. खरी परीक्षा म्हणजे खऱ्या रस्त्यांच्या बारा चित्रफिती. तुम्ही खुर्चीत बसून त्या बघायच्या आणि समोरचा कॅमेरा तुमच्या डोळ्यांकडे बघणार. नजर कुठे गेली, केव्हा गेली, उभ्या टेम्पोच्या मागून पोर येऊ शकतं हे तुम्हाला आधी सुचलं की पोर आल्यावर, सगळं तो टिपतो. शिवाय तो डोळ्यातली बाहुली मोजतो. मेंदूच्या देठाशी पेशींचा एक निळसर ठिपका असतो. धोका दिसला की तो जागा होतो, सगळ्या मेंदूला हाक मारतो आणि त्याच झटक्यात बाहुली किंचित मोठी होते, अगदी केसभर. हे माणसाच्या हातात नसतं. हात उचल म्हटलं तर उचलता येतो, बाहुली मोठी कर म्हटलं तर करता येत नाही. नुसतं बघितलंय की खरंच उमगलंय, हे बाहुली सांगून टाकते. पाठ करता येणार नाही अशी ही पहिलीच परीक्षा, असं पेपरात आलं होतं.

आईची तयारी मी घेतली. ती पोळ्या लाटायची आणि मी ओट्यावर बसून प्रश्न टाकायचे.

"पिवळा दिवा लागला?"

"थांबायच्या तयारीला लागायचं."

"मागून अॅम्ब्युलन्स आली?"

"डावीकडं घेऊन वाट द्यायची. आणि आत कुणाचं कोण असेल गं, देवा!"

"आई, एवढंच उत्तर. देवाला मार्क नाहीत."

नियम तिचे पक्के झाले आणि ती नापास झाली. निकालावर लिहिलं होतं, 'भेद आढळला नाही.' केंद्रावरचे साहेब भले होते, त्यांनी पडद्यावर बाहुलीची रेष दाखवली. बाकीच्यांची रेष सपाट चालायची आणि धोक्यापाशी उंच उडी घ्यायची. आईची रेष पहिल्या चित्रफितीच्या आधीच वर गेलेली आणि शेवटपर्यंत वरच. "बाई, तुम्हाला सगळंच धोक्याचं दिसतंय," ते म्हणाले. "वाळत घातलेलं लुगडं दिसलं तरी तुमची बाहुली मोठी. खऱ्या धोक्याला आणखी वर जायला जागाच शिल्लक नाही." मी तिथेच फसकन हसले. आईसुद्धा हसली, पण घरी येताना रिक्षात तो निकाल पुन्हा पुन्हा वाचत होती.

मग ननावरे सर. फलटणमध्ये राहून ननावरे सर माहीत नाहीत असं होणं अवघड, कारण चौकाचौकात त्यांचे फ्लेक्स. आधी स्कॉलरशिपचे, मग पोलीसभरतीचे आणि आता 'नजर-परीक्षेत बारापैकी बारा!' खाली हार घातलेल्या लोकांचे फोटो, सगळ्यांचे डोळे वटारलेले. सरांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "ज्या परीक्षेला पॅटर्न नाही, अशी परीक्षा सरकारला अजून काढता आलेली नाही."

पहिल्या दिवशी मी आईबरोबर गेले होते. सर उंच, पांढराशुभ्र शर्ट, हातात खडू नसूनही खडू धरल्यासारखी बोटं.

"हे बघा मॅडम," ते म्हणाले, "नजर शिकवता येते. आधी डावा कोपरा, मग उभ्या गाडीचं चाक, मग आरसा. पंधरवड्यात डोळे आपोआप फिरायला लागतात. बाहुली शिकवता येत नाही. पण फसवता येते."

त्यांनी एक चिमुकलं यंत्र काढून आईच्या कानाला लावलं. क्लासमध्ये सगळ्या बायका त्याला डूल म्हणत. शरीरात एक लांबलचक नस मेंदूतून निघून काळजाकडे, पोटाकडे जाते. तिची एक फांदी कानाशी येते. तिथे अगदी बारीक वीज दिली की मेंदूला वाटतं, आत्ता जे घडलं ते ठेवून घेण्यासारखं आहे, म्हणून शिकलेलं लवकर मुरतं. लकवा झालेल्यांना हात पुन्हा हलवायला शिकवताना दवाखान्यात हे वापरतात. तिथे त्याचा उपयोग झाला म्हटल्यावर ते क्लासवाल्यांच्या हाती लागायला कितीसा वेळ लागणार?

"आता एक हुकमी आठवण काढा," सर म्हणाले. "जी नुसती आठवली तरी पोटात गोळा येतो अशी. आनंदाची नको. आनंदानं बाहुली मोठी होते, पण भीतीइतकी नाही. परीक्षेत धोक्याची जागा आली की ती आठवण आणायची आणि लगेच पुसायची. मधल्या वेळात मन कोरं."

आईने डोळे मिटले, उघडले, पडद्याकडे बघितलं. भिंतीवरची रेष सरळ छताला जाऊन चिकटली. शेजारच्या बाकांवरचे लोक वळून बघायला लागले. सर उभेच राहिले.

"मॅडम, हे सोनं आहे सोनं! काय आहे ते मला सांगू नका. फक्त रोज वापरा."

आई घामाने भिजली होती. घरी येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. काय आठवलंस, असं मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

सुरुवातीला क्लासहून येताना तिचे डोळे सुजलेले असायचे. मग सुजायचे थांबले. घरीही सराव चालायचा, स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून, कानात डूल. चित्रफीत चालली आहे, टेम्पोपाशी आली की आईचा चेहरा क्षणभर आक्रसतो, डूल हलकेच कुरकुरतं, चेहरा मोकळा होतो. पुन्हा चित्रफीत. मी अभ्यास घ्यायला बसायचे आणि रेष बघायचे. ती छान सपाट व्हायला लागली होती आणि हव्या त्या जागी उडी घेत होती.

आणि घरात शांतता आली. बाबा साखर कारखान्यात पाळीवर असतात. ते एकदा चहा घेता घेता म्हणाले, "तुझी आई आता झोपते गं. पूर्वी मी पाळीवरून आलो की जागीच असायची." मी संधी साधली. पुण्यातल्या एका नोकरीचं पत्र मी महिनाभर लपवून ठेवलं होतं. ते पुढे केलं आणि रडारडीची तयारी ठेवून उभी राहिले.

"जा की," आई म्हणाली. "चांगली आहे नोकरी."

मी तिला उचलून गरागरा फिरवलं. मैत्रिणींना सांगितलं की ननावरे सरांचा चौकात पुतळा उभारायला हवा. पंधरा-वीस दिवस मी फुलपाखरासारखी भिरभिरत होते. कुणी विचारणारं नाही, कुठे आहेस म्हणून सारखा फोन नाही.

मग एका सकाळी मी चपला घातल्या, दार ओढलं, पायरी उतरले आणि थांबले. कशासाठी थांबले ते आधी कळलंच नाही. मग कळलं. मागून आवाज आला नव्हता. "पोचलीस की फोन कर" आलं नव्हतं. किती दिवस येत नव्हतं कोण जाणे. मी मुद्दाम फाटकाची कडी दोनदा वाजवली. आतून रेडिओ ऐकू येत होता आणि आई त्याच्याबरोबर गुणगुणत होती.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी गवार निवडत बसलो होतो. मी सहजच म्हणावं तसं म्हटलं, "आई, तू मला त्या कालव्याचं कधी पुरतं सांगितलंच नाहीस."

"त्यात काय सांगायचंय?" ती म्हणाली आणि सांगायला लागली. "तू लाल फ्रॉक घातला होतास. मी कपडे धूत होते. पाण्यावरून लाल काहीतरी फुगून येताना दिसलं, मला वाटलं प्लॅस्टिकची पिशवी. मी अंग बाजूला करून तिला जाऊ दिलं बघ. मग त्या पिशवीतून हात बाहेर आला. मला पोहता येत नाही. तशीच उडी मारली, पलीकडं एकजण म्हशी धूत होता, त्यानं दोघींना ओढलं. तू निळी पडली होतीस. श्वास नाही. मी तुला उलटी धरून पाठीवर मारत राहिले. तो माणूस म्हणाला, बाई, राहू द्या आता. मग तू खोकलीस." तिने गवारीची एक शेंग मोडली. "ही जून निघाली. सगळ्याच जून दिल्यात मेल्यानं."

तिचा आवाज कुठेही हलला नव्हता. कुणी उपम्याची कृती सांगावी तसं तिने सांगितलं. माझ्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि तिला खरोखर आश्चर्य वाटलं.

"रडतेस काय? आहेस की तू."

"आई, हीच का तुझी हुकमी आठवण?"

"हो. फार चांगली होती," ती म्हणाली. "आता जरा बोथट झालीय. रेष पहिल्यासारखी उडत नाही. सर म्हणाले, दुसरी शोधून ठेवा."

नंतर मी जे मिळेल ते वाचून काढलं. आठवण म्हणजे फडताळातला फोटो नव्हे. ती दरवेळी बाहेर काढावी लागते आणि दरवेळी पुन्हा नव्याने ठेवली जाते. ठेवताना आजूबाजूला जे असेल ते तिला चिकटतं. घाबरवणारी आठवण निवांत खोलीत पुन्हा पुन्हा काढली की तिच्यातली भीती झिजत जाते, गोष्ट तेवढी उरते. ज्यांना जुन्या भीतीने जगणं अशक्य केलं आहे अशांना डॉक्टर हाच उपचार देतात, आणि कानाशी वीज दिली तर तो कितीतरी लवकर होतो. फक्त डॉक्टर कुठे थांबायचं ते ठरवून बसलेले असतात. ननावरे सरांना थांबायचं काही कारण नव्हतं. त्यांच्या लेखी ती आठवण संपली होती आणि नवी घ्यायची होती. आईची माझ्याबद्दलची सगळी काळजी त्या एका दुपारीतून उगवलेली होती. मूळ वाळल्यावर बाकीचं कशावर राहणार?

हे मी आईला सांगणार होते. रोज ठरवायचे आणि रोज तिचा झोपून ताजा झालेला चेहरा बघून गप्प बसायचे. तिला इतकं मोकळं मी जन्मात बघितलं नव्हतं. तिच्या गळ्यात तो धोंडा पुन्हा बांध, असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

मग माझी सायकल कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली जाता जाता राहिली. ट्रॉली वळली, बाहेर आलेल्या उसाच्या मोळीने मला उडवलं आणि मी खडीवर पडले. हात मोडला. दवाखान्यातून मीच फोन केला. फोन लागेपर्यंत मला तिच्या किंकाळीची भीती वाटत होती.

"आई, माझा अपघात झाला. हात मोडलाय."

"बरं," आई म्हणाली. "डोक्याला लागलंय का? उलटी? नाही ना? मग प्लास्टर घालून घे. आणि येताना दही आण, विरजण नासलंय."

मी दही आणलं. का आणलं ते विचारू नका. एक हात गळ्यात आणि दुसऱ्या हातात दह्याची पिशवी अशी मी दारात उभी राहिले. आई सराव करत होती. तिने वर बघितलं, माझा हात बघितला, सुजलेला गाल बघितला. मी वाट बघत होते. मी एकवीस वर्षांची असले तरी तिने येऊन मला कवटाळायला हवं होतं, ओरडायला हवं होतं, थिएटरच्या मॅनेजरला फोन केला तरी चाललं असतं.

ती खुर्चीतच बसून राहिली. मग हळूच कानातलं डूल काढून ओट्यावर ठेवलं.

"शरू, मला काहीच झालं नाही गं," ती म्हणाली. "तुझा फोन आला ना, तेव्हा मी वाट बघत होते. म्हटलं आता पोटात गोळा येईल. नाही आला. हे वाईट आहे एवढं कळत होतं. पण दुसऱ्याच्या घरातलं काहीतरी कानावर यावं तसं." ती स्वतःच्या मनगटाला चिमटे काढत होती, लाल होईपर्यंत. "असं कसं झालं?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने नर्ससारखं ऐकून घेतलं, मधे दोन प्रश्नही विचारले. मग आम्ही तशाच ननावरे सरांकडे गेलो.

सर माझ्या प्लास्टरकडे बघून हळहळले. "परत येईल का?" आईने विचारलं.

"येईल हळूहळू. नाहीही येणार," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? मी परीक्षेचा माणूस आहे मॅडम, मनाचा डॉक्टर नाही. पण परीक्षा परवा आहे. हे सोनं संपलं, दुसरं काढा."

"आई, नको," मी म्हटलं. "जाऊ दे ते लायसन. साताऱ्याला जा. मी पुण्याला जात नाही, इथेच राहते. काय हवं ते कर, पण आता हे नको."

आई भिंतीवरच्या फ्लेक्समधल्या वटारलेल्या डोळ्यांकडे बघत होती. "वरच्या वस्तीवर तीन बायका दिवस भरत आलेल्या आहेत," ती म्हणाली. "साताऱ्याला फोनवर बसले म्हणून माझं गेलेलं परत येणार आहे का? नाही ना? मग निदान गाडी तरी येऊ दे."

 

परीक्षेच्या केंद्रात बाहेर बसलेल्यांनाही पडद्यावर रेष दिसते, उगाच वशिल्याचा संशय नको म्हणून. मी प्लास्टर मांडीवर घेऊन बसले होते. आईची रेष सपाट चालली होती, एखाद्या निर्धास्त बाईची असावी तशी. पहिला धोका आला आणि रेष उडाली. अशी उडाली की शेजारचा माणूस "आयला!" म्हणाला. दुसऱ्यालाही उडाली. शाळेच्या फाटकापाशी, बैलगाडीच्या मागे, घसरत्या पुलावर, सगळीकडे. बारापैकी बारा. साहेब स्वतः बाहेर आले आणि आईला नमस्कार करून म्हणाले, "बाई, एवढ्यात एवढी सुधारणा मी बघितली नाही."

त्यांना ती उडी रस्त्यासाठी वाटत होती. मला ठाऊक होतं की तिने रस्ता बघितलेलाच नाही.

रिक्षात मी विचारलं, "काय वापरलंस?"

"परवाची संध्याकाळ," आई म्हणाली. "तू दारात उभी होतीस, हात गळ्यात, दही घेऊन. आणि मला काही वाटलं नाही, ती. त्याची फार भीती वाटली होती गं मला. नंतर, तू झोपल्यावर. वाटलं, चला, काहीतरी शिल्लक आहे."

"आणि आता?"

खोटं बोलणं तिच्या स्वभावातच नाही. तिने खरंच आत डोकावून बघितल्यासारखं केलं. "पहिल्या चार-पाच फितींना फार लागलं," ती म्हणाली. "शेवटी शेवटी कमी."

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला.

पुढची, गाडी चालवून दाखवायची परीक्षा तिने हसत हसत दिली आणि पक्कं लायसन मिळालं. चौकात तिचा फ्लेक्स लागला. पहिल्याच आठवड्यात वरच्या वस्तीवरच्या एका बाईला तिने वेळेत खाली आणलं. आणखी अर्धा तास गेला असता तर दोघंही गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. ते बाळ आज रांगतंय. त्यामुळे ननावरे सरांना मनापासून शिव्या घालायचीही मला सोय उरली नाही.

मी पुण्याला निघाले तेव्हा आईच मला स्टँडवर सोडायला आली. कालव्याच्या रस्त्याने. ती जागा आली तशी मी तिच्याकडे बघितलं. तिची नजर डावा कोपरा, उभ्या ट्रॅक्टरचं चाक, आरसा अशी फिरली आणि जागा मागे गेली. पुढच्या वळणावर एक लहान पोरगी शेळीच्या मागे धावत एकदम रस्त्यात आली. आईने ब्रेक दाबला. गाडी पोरीपासून हातभर अंतरावर थांबली. मी किंचाळले होते, पुढच्या फळीला गच्च धरलं होतं. पोरगी शेळी ओढत निघून गेली.

"थांबले की नाही बरोबर?" आई म्हणाली. तिचा श्वाससुद्धा वाढला नव्हता. मग ती माझ्या तोंडाकडे वाकून निरखून बघायला लागली, नर्स बघते तशी. "तुझी बाहुली केवढी झालीय गं! लायसन काढशील तेव्हा ही आठवण वापर. हुकमी आहे."

मी लायसन काढलेलं नाही. काढणारही नाही, निदान ननावरे सरांच्या पद्धतीने तरी नाही. माझ्याकडे आठवण आहे, पण ती वळणावरची नाही. आई हे बोलताना तिचा चेहरा किती मायेचा आणि किती कोरा होता, ती आहे. रेष छत फोडून जाईल. पण ती झिजवायला मी कुणालाही देणार नाही.

पुण्यात पहिल्याच दिवशी संध्याकाळी सातला आईचा फोन आला. "पोचलीस का?" मला इतका आनंद झाला की मी रस्त्यातच रडायला लागले. दुसऱ्या दिवशीही सातला आला. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातच होते, तरी सातलाच आला, "पोचलीस का?" मग मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तिनं फोनमध्ये गजर लावलाय गं. म्हणाली, आतून आठवत नाही तर बाहेरून तरी आठवावं. पोरीला तेवढं तरी मिळायला हवं."

काल मी मुद्दाम फोन उचलला नाही. पूर्वीसारखा परत येतो का, ते बघायचं होतं. एकदा वाजला, थांबला. मी खोलीवर बसून त्याच्याकडे बघत राहिले. खालच्या मजल्यावर कुणाची तरी आई कुणाला तरी ओरडून हाका मारत होती. फोन पुन्हा वाजला नाही.

मग मीच लावला.

"आई," मी म्हटलं, "पोचले."